छताच्या आतला सात

घड्याळजीच्या हातांबद्दल कुणी वावगं बोलू नये. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून नेमका जागेवर बसवावा तर त्यानेच. तीन दुकानांनी हात टेकलेलं घड्याळ त्याच्याकडे यायचं आणि टिकटिकत परत जायचं. पण याच माणसाच्या हातात रंगाचा फवारा दिला की सगळं मुसळ केरात.

त्याला छोट्या मोटारी बांधायचा नाद होता. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाची, वीतभर लांबीची मोटार. खोक्यात दीडशे तुकडे येतात, ते घासायचे, चिकटवायचे, इंजिनाच्या वायरी केसाएवढ्या तारेच्या करायच्या. एवढं सगळं त्याने पहिल्याच मोटारीत झोकात केलं. मग वरच्या कवचाला निळा रंग मारला आणि टपावर संत्र्याच्या सालीसारखी खरखर उठली, दारावरून ओघळ आले. त्याने रंग उतरवला, पुन्हा मारला, पुन्हा ओघळ. तिसऱ्या खेपेला मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या त्याच्या बायकोला ते बघवेना. हातातला ओला शर्ट तिने बादलीत परत टाकला आणि म्हणाली, "द्या इकडे."

ही बायको कोण ते आधी सांगायला हवं, कारण बाकी कुणी ती तसदी घेतली नाही. मोटारी बांधणाऱ्यांच्या क्लबात तिला तोंडावर 'वहिनी' म्हणत आणि पाठीमागे 'घड्याळजींची बायको'. पण घरी बसण्याआधी सतरा वर्षं ती लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगाची गन चालवत होती. तोंडाला मुखवटा, केसांना फडकं, आणि समोर आकड्यावर टांगलेली दारं एकामागून एक सरकत यायची. तिच्या हातून सुटलेल्या दारापुढे उभ्या राहून पॅकिंगच्या बाया केस सारखे करायच्या. तिथे तिचं नाव पडलं होतं आरसाबाई. आपणही तिला तेच म्हणू.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. प्रत्येक रंगाऱ्याला नंबर असे, आणि कपाट भट्टीतून बाहेर आलं की दाराच्या आतल्या अंगाला, वरच्या बिजागरीपाशी, त्याने आपला नंबर बारीक ब्रशने घालायचा. तिचा नंबर सात. नव्याने लागलेल्या पोरींना वाटायचं, वा, ही तर सही झाली. सही कसली! कुठे पोपडा सुटला, फोड आला, तर कुणाला बोलावून झापायचं ते कळावं म्हणून ही सोय. सतरा वर्षांत फोरमनने सगळ्या शेडला ऐकू जाईल असं 'सात नंबर' पुकारलं ते फक्त तीनदा, आणि तिन्ही वेळा खोट निघाली म्हणून. चांगल्या गेलेल्या हजारो दारांसाठी कुणी हाक मारली नाही. पुढे पावडर कोटिंगचं यंत्र आलं, गनवाल्यांची गरज संपली, आणि सात नंबर घरी आला.

तर असा हात त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होता. तिने निळं कवच घेतलं, रंग उतरवला, भांड्यांच्या साबणाने धुतलं. धुतल्यावर बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या तेलावर रंग बसत नाही. उलट्या पेल्यावर चिकटपट्टीने कवच बसवलं. आधी राखाडी प्राइमर, मग पाण्यात बुडवलेल्या बारीक कागदाने घासणं. वॉशिंग मशीनशेजारी मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्याच्या पाठीला जुना पंखा बसवला, धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं, रंगाच्या फवाऱ्याचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला. आणि मग फवारा. पहिला थर इतका विरळ की घड्याळजी म्हणाला, "लागला की नाही?" दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. दोन दिवसांनी वरून क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी लॅकर, रंगाला खोली आणि चकाकी देणारा. चौथ्या दिवशी धूळ बसू नये म्हणून वर झाकलेलं प्लास्टिकचं घमेलं उचलून बघितलं तेव्हा त्या टपात गॅलरीची जाळी, दोरीवरचे कपडे आणि घड्याळजीचं वासलेलं तोंड, सगळं स्वच्छ दिसत होतं. तिने कवच उलटं केलं आणि छताच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, पांढऱ्या रंगात बारीकसा सात काढला. सवयीने काढला, मनात काही नव्हतं.

क्लबाचं वार्षिक प्रदर्शन शाळेच्या सभागृहात भरायचं. प्रवेशाच्या अर्जावर दोन रकाने होते, बांधणी आणि रंगकाम. घड्याळजीने दोन्हीकडे स्वतःचं नाव घातलं. घाईत घातलं, असं तो नंतर म्हणाला, आणि पहिल्या वर्षापुरतं ते खरंही असेल. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. आपला दात तपासायचा छोटा आरसा घेऊन ते प्रत्येक मोटारीच्या पोटाखाली, खिडकीतून आत, सगळीकडे डोकावायचे. निळ्या मोटारीपाशी ते पाच मिनिटं थांबले. "घड्याळजी, हा रंग!" एवढंच म्हणाले. मग छताच्या आत आरसा फिरवून विचारलं, "आणि हा सात कसला?"

घड्याळजी क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "माझा लकी नंबर आहे तो."

आरसाबाई मागेच उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. सगळे हसले तशी तीही हसली. पहिल्या वर्षी हसायला जमलं.

पहिला नंबर आला, ढाल मिळाली. घड्याळजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या वर्षी हिरवी मोटार, मग पिवळी, मग चंदेरी. दर वर्षी ढाल. 'घड्याळजींचा रंग' असा शब्दच क्लबात रूढ झाला. कुणाच्या रंगात जरा धूळ आली की लोक म्हणत, घड्याळजींना विचारा. आणि तो सांगायचाही! रंगात घाई चालत नाही, बोट लावायचं नाही, फरशीवर पाणी शिंपडा. तिची वाक्यं, तिच्याच शब्दांत, तिच्याचसमोर. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तर त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं असावं. खोटं बोलणाऱ्याची निदान जीभ चाचरते, याची तीही चाचरायची बंद झाली.

ती एकदा-दोनदा बोलली होती, नाही असं नाही. अर्जावर माझं नाव का नसतं, असं तिने सहाव्या वर्षी साधेपणाने विचारलं. तो म्हणाला, अगं, आता एवढ्या वर्षांनी काय सांगायचं लोकांना? मागच्या ढाली परत मागतील. आणि आपलं काय वेगळं आहे का, माझं नाव म्हणजे तुझंच नाव. हे शेवटचं वाक्य ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गप्प बसली, कारण गॅलरीत पुढच्या मोटारीचं कवच प्राइमर मारून तयार होतं आणि ते तिला रंगवायचंच होतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाव नाही मिळालं तरी ही रंगवणार, हातातली गन खाली ठेवणार नाही. अशा माणसाचं नाव कोण कशाला लावील?

अकराव्या वर्षी मात्र तिने आधीच अडवून धरलं. मोटार होती जुन्या धाटणीची, गोल पाठीची, लांब बोनेटची. तिला बघताच आरसाबाईच्या डोळ्यांपुढे तिच्या कपाटांचा मरून रंग उभा राहिला. काळपट, खोल, उजेडात नेला की आतून पेटणारा. तो रंग झटपट वाळणाऱ्या लॅकरमध्ये येत नाही. त्याला इनॅमलच लागतं, सावकाश वाळणारं आणि जीव खाणारं. तिने तीन दुकानं पालथी घालून दोन छटा आणल्या, मिसळल्या, प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर मारून बघितल्या. एकोणिसाव्या चमच्यावर तो मरून सापडला. तो चमचा तिने उजेडात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती दुकानातून आलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही मोटार मी रंगवीन, पण प्रदर्शनात गाडीपुढे ठेवतात त्या कार्डावर माझं नाव लागलं तर. नाहीतर तुमची तुम्ही रंगवा."

घड्याळजीने तिच्याकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं. "लावतो," तो म्हणाला. "दोघांचं लावतो. शब्द देतो."

त्या शब्दावर ती महिनाभर राबली. खरं सांगायचं तर तिने आयुष्यात एवढं सुंदर काम केलं नव्हतं, कारखान्यातही नाही. इनॅमलचे तीन थर, प्रत्येक थरामागे चार-चार दिवस. घरात कुणी लोकरीचं घालायचं नाही, गॅलरीचं दार उघडायचं नाही. कपडे पुढच्या खोलीत खुर्च्यांवर वाळले. तिसरा थर झाला तेव्हा प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. या मोटारीवर क्लिअर कोट मारायचाच नाही, असं तिने ठरवलं होतं. रंगाची स्वतःची चमकच पुरेशी होती. छताच्या आत तिने सात काढला, आणि या वेळी सवयीने नाही, मुद्दाम, जरा मोठा काढला.

एवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. या वर्षी उद्घाटनाला घड्याळजींनी प्रात्यक्षिक द्यावं, सगळ्यांसमोर क्लिअर कोट मारून दाखवावा, लोक केव्हाचे मागे लागलेत. घड्याळजी स्तुतीने हुरळला आणि हो म्हणून बसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला शिकव."

कुणी म्हणेल, तिने तेव्हाच हात वर करायला हवे होते. मलाही तसंच वाटतं. पण तिने शिकवलं. दोन आठवडे रोज संध्याकाळी, दुकान बंद करून आला की. लाल रंग मारलेले चमचे ओळीने काठ्यांवर उभे करायचे आणि त्याच्या हातात लॅकरचा डबा द्यायचा. घड्याळाच्या कामाने त्याला मनगट हलवायची खोड. मनगट फिरलं की फवारा मध्ये जाड पडतो आणि टोकांना उपाशी राहतो. ती त्याचं मनगट धरून ठेवी. "खांद्यातून हात न्या. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच संपवायचा. गाडीवर थांबायचं नाही." चाळीसेक चमचे वाया गेले, मग बऱ्यापैकी जमायला लागलं. प्रात्यक्षिकासाठी तिने एक जादा कवच लाल रंगवून दिलं, साध्या लॅकरमध्ये, म्हणजे वरून लॅकरचा क्लिअर कोट बिनबोभाट बसेल.

आणि तिने बजावलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याची गरज पडणार आहे. एका रात्री जेवणाआधी तो दिव्याखाली कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता, डोळ्याला भिंग लावून. ती म्हणाली, मरून गाडीवर हा डबा चुकूनही मारायचा नाही. ते इनॅमल आहे, वरून वाळलेलं दिसतं पण आतून महिना-दोन महिने कच्चं असतं. लॅकरमधलं थिनर जहाल, ते आत शिरलं की खालचा रंग फुगतो आणि सुरकुत्या पडतात. घड्याळजी म्हणाला, "हं." भिंग डोळ्याला असलं की तो सगळ्यालाच हं म्हणायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी तो सामान घेऊन सकाळीच पुढे गेला. आरसाबाई दुपारी गेली. कपाटातली चांगली साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. सभागृहात टेबलांवर पांढरी कापडं, त्यावर मोटारी, आणि प्रत्येकीपुढे छापील कार्ड. मरून मोटार मधल्या टेबलावर होती. आतलं इंजिन दिसावं म्हणून सांगाडा एकीकडे आणि कवच शेजारी छोट्या स्टँडवर, असं मांडलेलं. काचा, दिवे सगळं सांगाड्याला, त्यामुळे कवच म्हणजे नुसता रंग. भोवती घोळका होता. लोक वाकून बघत होते आणि बोलायचं थांबत होते. आरसाबाई माणसांमधून वाट काढत पुढे गेली. तिने मोटारीकडे बघितलंच नाही, मोटार तिला पाठ होती. तिने कार्ड वाचलं.

बांधणी, घड्याळजीचं नाव. रंगकाम, घड्याळजीचं नाव.

तिने पुन्हा वाचलं. मग मान वर करून त्याला शोधलं. तो टेबलापलीकडे कुणाशी तरी बोलत होता. दोघांची नजरानजर झाली, आणि त्याने घाईघाईने नजर वळवून समोरच्या माणसाच्या शर्टाचं बटण निरखायला सुरुवात केली. म्हणजे छापणाऱ्याची चूक नव्हती. तिला रडू नाही आलं. तिला वाटलं, आपण किती मूर्ख आहोत, या वयात, ही साडी नेसून.

लगेच घंटा वाजली आणि सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. खिडकीजवळ टेबल, त्यावर फवारणीचं खोकं, पंखा, कोमट पाण्यात ठेवलेला डबा, आणि पेल्यावर बसवलेलं लाल कवच. घड्याळजीने तोंडाला मुखवटा लावण्याआधी चार शब्द सांगितले. रंगात घाई चालत नाही, वगैरे. लोक वहीत लिहून घेत होते. तो लाल कवचाकडे वळला तसे अध्यक्ष मध्येच म्हणाले, अहो, हे नमुन्याचं कशाला? ती मरून घ्या की. तिच्यावर अजून क्लिअर कोट नाही असं सकाळी तुम्हीच म्हणालात ना? चकाकी चढताना डोळ्यांनी बघू दे आम्हाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी स्टँडसकट कवच आणूनही ठेवलं.

घड्याळजीने एकदा आरसाबाईकडे बघितलं. त्या नजरेत प्रश्न होता की नाही, देव जाणे. पण ती उठून उभी राहिली.

"तिच्यावर नका मारू," ती म्हणाली.

अध्यक्ष हसले. "वहिनी, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त काळजी आहे त्या रंगाची. बसा निवांत." सभागृह हसलं. आणि घड्याळजीने, मुखवटा कपाळावर सरकवलेला तसाच, हाताने खाली बसायची खूण केली. "काही होत नाही. बस तू."

ती अजून उभीच होती. तिच्याजवळ दोन शब्द होते, इनॅमल आहे. एवढं म्हटलं असतं तर त्याने हात आखडता घेतला असता, तेवढं तर त्यालाही कळत होतं. शब्द तिच्या दातांमागे येऊन थांबले होते. तिने कार्ड ठेवलेल्या टेबलाकडे एकदा बघितलं. मग ती बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

याबद्दल मी तिची बाजू घेणार नाही. ते तिचं काम होतं, तिच्या हातचं सर्वांत चांगलं काम, आणि तिने ते मरायला सोडलं.

घड्याळजीने डबा हलवला. खांद्यातून हात नेला, फवारा बाहेर सुरू केला, बाहेर संपवला. मनगट हललं नाही. तिने शिकवलेलं सगळं त्याने जसंच्या तसं केलं, अगदी भरघोस ओला थर दिला, आणि त्या मरूनवर काचेसारखी चकाकी चढली. लोकांनी श्वास रोखले, मग टाळ्या पडल्या. घड्याळजीने मुखवटा काढला आणि मान तुकवली. टाळ्या चालू असतानाच आरसाबाईने डोळे मिटून घेतले. किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं.

मिनिटही झालं नसेल. अध्यक्ष आपला दाताचा आरसा घेऊन जवळ गेले होते, ते म्हणाले, "हे काय होतंय?"

बोनेटच्या कडेला रंग उचलला जात होता. आधी एक रेघ, मग तिच्या शेजारी दुसरी. मग बघता बघता टपावर, दारांवर, पाठीवर जाळं पसरलं. उकळलेल्या दुधावरची साय बोटाने ढकलावी तसा सगळा मरून गोळा होत गेला. पुढचे लोक उठून उभे राहिले, मागचे काय झालं म्हणून विचारू लागले. घड्याळजीने डबा उलटसुलट करून बघितला. कपाळावर घाम आला होता. कुणीतरी म्हणालं, डबा खराब असेल. दुसरं कुणी म्हणालं, छे, खालचा रंगच चुकलाय, एवढं घड्याळजींना कळू नये?

आणि तेव्हा घड्याळजीने काखा वर केल्या. स्वच्छ, मोठ्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं तो म्हणाला, "रंग मी नाही दिला. रंग हिने दिलाय."

सगळ्यांच्या माना आरसाबाईकडे वळल्या. कुणाचा विश्वास बसत नाही असं बघून तो आणखी पुढे गेला. त्याने ते ओलं कवच स्टँडवरून उचललं, उलटं धरलं आणि अध्यक्षांच्या आरशासमोर नेलं. "हे बघा, आत सात लिहिलाय. तो हिचा नंबर. कारखान्यात होती ना ही, तिथला. सगळ्या गाड्यांत बघा, हिचाच नंबर आहे."

अकरा वर्षं तिने या एका वाक्याची वाट बघितली होती. कधी गॅलरीत फवारा मारताना, कधी झोप लागण्याआधी, ते वाक्य कसं ऐकू येईल, आपण तेव्हा काय करू, लाजू की सरळ बघू, सगळं तिने मनाशी घोळवलं होतं. आता ते आलं होतं. फोरमनचा पुकारा तिला आठवला, तोच सूर, तशाच वळलेल्या माना. तिला राग आला, एवढा की कानशिलं तापली, पण त्या रागात तिचा स्वतःचा वाटाही होता आणि तो कुणाच्या अंगावर टाकता येत नव्हता. ती बसून राहिली.

अध्यक्ष सरळ माणूस. चूक झाली तर दुरुस्त करायची, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, मधल्या टेबलावरचं कार्ड घेतलं, रंगकामापुढचं घड्याळजीचं नाव आडव्या रेघेने खोडलं आणि तिच्याजवळ येऊन तिचं पूर्ण नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते त्यांना माहीत नव्हतं. तिने सांगितलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, कार्ड जागेवर ठेवलं, आणि मोटारही जागेवर ठेवली, कारण प्रवेश घेतलेली वस्तू शेवटपर्यंत मांडून ठेवायची असा नियम होता. प्रदर्शन आणखी दोन दिवस चाललं. खूप लोक येऊन गेले.

तिसऱ्या दिवशी सामान परत आलं तेव्हा घड्याळजी म्हणाला, "तू सांगितलं का नाहीस मला?"

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही सांगितलं."

त्याने सुरकुतलेलं कवच हातात घेऊन फिरवून बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला की झालं गेलं विसरून जाऊ. रात्रभर बुडवून ठेवलं की सगळा रंग उतरेल, कवच पुन्हा कोरं. वर्ष आहे हातात. पुढच्या खेपेला अर्ज तूच भर हवं तर, दोन्ही नावं घाल. हे सगळं तो बोलला ते मनापासून बोलला असावा, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त कंटाळा आला.

तिने कवच त्याच्या हातातून काढून घेतलं. दिवाणखान्यात ढालींचं काचेचं कपाट होतं, त्यात दहा मोटारी ओळीने उभ्या होत्या, आरशासारख्या. तिने मधल्या दोन बाजूला सरकवल्या आणि सुरकुतलेली मरून मोटार अगदी पुढे ठेवली. तिच्यासमोर कार्ड उभं केलं.

"इथे कशाला? लोक काय म्हणतील?" घड्याळजी म्हणाला.

"म्हणू दे. हिच्यावर माझं नाव आहे."

पुठ्ठ्याचं खोकं तिने रद्दीत टाकलं, पंखा पुसून माळ्यावर ठेवला. गॅलरीत आता फक्त कपडे वाळतात. घरी कुणी आलं की नजर आधी त्या मरून मोटारीवरच जाते. ही कुणी रंगवली, असं पाहुणे जरा जपून विचारतात, आणि घड्याळजी चटकन बायकोचं नाव सांगतो. मागच्या दहा मोटारींबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.